पऱ्हाटीचा धूर आणि आपले खोरे

आपल्या मंडळाच्या ह्या मासिकातून बी-बियाणे, खते, ओलीत, गुरांचे रोग व बाजारभाव ह्या विषयांवर जाणत्या मंडळींनी आजवर पुष्कळ लिहिले आहे आणि त्याचा लाभ माझ्यासारख्या अनेकांस झाला आहे. परंतु ज्या एका वस्तूवाचून मनुष्य, गुरे व पीक ह्यांपैकी कोणाचेही घटकाभर चालत नाही, त्या हवेविषयी कास्तकारांच्या मासिकात क्वचितच काही लिहून येते. जमिनीस आकार आहे, पाण्यास पट्टी आहे. हवेवर सारा नाही, म्हणून तिची नोंदही कोणी ठेवीत नाही. महसूल खात्यात उभा जन्म नोंदी करण्यात घालविलेल्या मनुष्यास ही उणीव खटकावी, ह्यात नवल नाही. मी शास्त्रज्ञ नव्हे. मराठी शाळेत शिकलो, कचेरीत लेखणी झिजविली, आणि आता आर्णीनजीक पाच एकरांचा तुकडा करून राहिलो आहे. तरी जे स्वतः पाहिले, ज्यात स्वतः दोषी ठरलो आणि त्यानंतर मिळेल ते वाचून जे समजून घेतले, ते वाचक बंधूंपुढे ठेवणे मी आपले कर्तव्य समजतो.

प्रथम माझा दोष सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बोंडअळीच्या धास्तीने त्या वर्षी मी फरदड ठेवली नाही. तिसरी वेचणी आटोपताच पौष महिन्यात मजूर लावून चिमट्याने पऱ्हाटी उपटून घेतली, धुऱ्यालगत तिचे ढीग केले, आणि दिवस मावळता मावळता ते पेटवून दिले. दिवसभराचे काम उरकून सायंकाळी काडी लावावयाची, हाच आपल्याकडील रिवाज. पऱ्हाटी अद्याप ओलसर होती. ती भडकून जळाली नाही. रात्रभर धुमसत राहिली. माझे शेत वस्तीपासून थोड्या चढावर, नाल्याच्या वरच्या अंगास आहे. मी घरी येऊन जेवलो आणि स्वस्थ झोपलो.

मध्यरात्रीच्या सुमारास सूनबाईने हाक मारली. पाच वर्षांच्या नातवाचा श्वास लागला होता. खिडकी उघडली, तो घरात अधिकच धूर आला. शेजारच्या काकूंस दम्याची जुनी व्यथा आहे. त्याही ओट्यावर बसून धापा टाकीत होत्या. दोघांस एकाच रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तेथे नळीने औषधाची वाफ दिली, तेव्हा पहाटे पोराची छाती सैल झाली. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "गावात कोठे काही जाळले काय?" मी मान खाली घातली. उजाडता परत येताना टेकडीच्या वळणावरून खाली पाहिले, तो सगळी वस्ती, नाला आणि नदीकाठ एका करड्या चादरीखाली निजलेला. चादरीच्या वर आकाश स्वच्छ निळे, आणि चादरीचे एक टोक माझ्या धुऱ्यावर. काकूंच्या मुलाजवळ मी चूक कबूल केली, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, तुमचंच काय, साऱ्याईचंच पेटते." त्याने मला दोषमुक्त केले खरे, परंतु त्याच्या ह्या उत्तरानेच मी अधिक विचारात पडलो. ज्या दोषात सारा गाव भागीदार, तो कोणाच्याच खाती पडत नाही.

आता हा धूर म्हणजे काय ते पाहू. काडी पुरती जळली तर पाण्याची वाफ, कर्बवायू आणि राख एवढेच उरते. ती अर्धवट जळली की तिच्यातील डांबरासारखे तेलकट पदार्थ वाफ होऊन बाहेर पडतात आणि थंड होताच अतिबारीक कणांच्या रूपाने हवेत तरंगू लागतात. हे कर्बयुक्त असल्यामुळे ह्यांस सेंद्रिय कण म्हणतात. 'सेंद्रिय' हा शब्द आपण खताच्या पोत्यावर चांगल्या अर्थाने वाचतो. येथे तो तसा घेऊ नये. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. धुरातील बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. नाकातील केस व घशातील कफ ह्यांस धूळ अडविता येते, हे कण अडविता येत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसतात, आणि त्यांचा उपद्रव केवळ श्वासास नव्हे तर हृदयासही होतो. ओली काडी जितकी धुमसेल तितके हे कण अधिक निघतात; वाळलेली काडी भडकून जळाली तर कमी. माझी पऱ्हाटी ओली होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परंतु धूर किती निघाला एवढ्यावरच सर्व अवलंबून नाही. तो कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वेळी निघाला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हीच गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात आलेली नाही.

आपला मुलूख टेकड्यांचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे यवतमाळच्या पठारापर्यंत आले आहेत, आणि त्यांच्या दक्षिणेस अरुणावतीचे खोरे पसरले आहे. ह्या नदीचे पाणी अखेर पैनगंगेस जाते. हा काही हिमालय नव्हे. पण हवा कोंडण्यास हिमालयच लागतो असे नाही, दोन्ही बाजूंस चढ असला म्हणजे पुरे. हिवाळ्यात रात्र मोठी, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला. अशा वेळी जमीन लवकर निवते आणि तिच्या लगतची हवाही निवते. थंड हवा जड. ती पाण्याप्रमाणे उतारावरून नाल्या-ओहळांनी खाली येते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. एरवी वर जावे तसे गारवा वाढतो. अशा रात्री वर ऊब आणि खाली गारवा, असा उलटा प्रकार होतो. हा वरचा थर मडक्यावरील झाकणासारखा बसतो आणि खाली निघालेला धूर वर जाऊ शकत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी तोच धूर पुष्कळ उंचीपर्यंत मिसळून विरळ होतो. हिवाळ्याच्या रात्री तो शे-दोनशे मीटरांच्या आत कोंडतो. मूठभर मीठ विहिरीत टाकले तर चव कळत नाही. तेच तांब्यात टाकले तर पाणी तोंडात धरवत नाही. मीठ तेवढेच, भांडे निराळे.

ह्या दृष्टीने वर्षाचे चक्र पाहावे. मृगापासून हस्तापर्यंत पावसाच्या सरी हवा धुऊन काढतात, वारा वाहता असतो आणि शेतात जाळण्यासारखे वाळलेलेही काही नसते; श्वासाच्या दृष्टीने ते महिने उत्तम. दिवाळीनंतर दव पडू लागते, वारा पडतो, विटांच्या भट्ट्या लागतात, शेकोट्या पेटतात आणि सोयाबीनच्या काडापासून जाळण्यास आरंभ होतो. मार्गशीर्ष, पौष व माघ हे महिने सर्वांत वाईट. कारण ह्याच दिवसांत पऱ्हाटी व तुराटी निघते आणि ह्याच दिवसांत झाकण घट्ट बसलेले असते. फाल्गुनानंतर ऊन तापते, दुपारच्या वाऱ्याने धूर उडतो. परंतु त्याच सुमारास गव्हाचे काड व धुरे जाळणे सुरू होते, आणि मोहफुले वेचण्याच्या सोयीकरिता किंवा तेंदूस नवी पाने फुटावीत म्हणून जंगलातील पाचोळा पेटविला जातो. त्या आगी रानोरान पसरतात. म्हणजे उन्हाळ्यात धूर पुष्कळ निघतो, पण तो पसरण्यास जागाही पुष्कळ असते. हिवाळ्यात जो निघतो, तो सर्वच्या सर्व आपल्या नाकाशी राहतो.

ही अडचण आपल्याच खोऱ्याची आहे असे कोणी समजू नये. १९३० च्या डिसेंबरात बेल्जम देशातील म्यूझ नदीच्या खोऱ्यात असेच झाकण काही दिवस बसून राहिले आणि कारखान्यांच्या धुराने साठांवर माणसे दगावली. अमेरिकेतील डोनोरा ह्या नदीकाठच्या गावी १९४८ च्या ऑक्टोबरात वीस माणसे मेली, तीही अशाच कोंडलेल्या हवेत. तेथील धूर कारखान्यांचा आणि अधिक विषारी होता. पण कारखाना नाही म्हणून खोरे सुरक्षित, असे अनुमान काढणे चूक ठरते. आल्प्स पर्वतातील कित्येक दऱ्यांत कारखाना नाही. तेथे हिवाळ्यात घरे ऊबदार राखण्याकरिता लाकूड जाळतात, आणि हवेतील सेंद्रिय कणांचा फार मोठा भाग ह्या लाकडाच्या धुराचाच असतो, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. त्यांची युक्ती आपणासारख्यांस समजण्याजोगी आहे. लाकडातील तंतू जळाला म्हणजे लेव्होग्लुकोसान नावाची एक शर्करा धुरात उतरते. डिझेल किंवा दगडी कोळसा ह्यांच्या धुरात ती अशी आढळत नाही. कणांत ही शर्करा सापडली की धूर लाकडाकाडीचा, हे ठरते. चोराच्या पावलांचा माग काढावा तसाच हा प्रकार. उन्हाळ्यात त्याच दऱ्यांत सेंद्रिय कण असतात, पण ते बहुतांशी झाडांतून निघणाऱ्या सुगंधी वाफांवर ऊन पडून बनलेले असतात. एकच दरी, परंतु ऋतूप्रमाणे तिच्या हवेचा खातेदार बदलतो.

आपल्या देशातील उदाहरण काश्मीर खोऱ्याचे. ज्या हवेसाठी लोक हजारो रुपये खर्चून तेथे जातात, त्या श्रीनगरच्या हवेचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. अडीच मायक्रॉनांखालील कणांची आपल्या सरकारने ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम आहे. तेथे हिवाळ्यात हे प्रमाण ३४८ पर्यंत गेलेले आढळले. घरे तापविण्याकरिता जाळलेला कोळसा हे त्याचे मुख्य कारण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच चोवीस तासांची मर्यादा १५ वर आणली आहे, हेही येथे नमूद करतो. निसर्गसुंदर स्थळीही माणसाने जाळलेले माणसाच्याच छातीत जाते, हा ह्यातील बोध.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. कोणी कास्तकार बंधू म्हणेल, "साहेब, पऱ्हाटी जाळावयाची नाही तर काय करावयाचे? बोंडअळी कोणी मारावयाची?" हा आक्षेप पोकळ नाही. २०१७ साल आपल्या जिल्ह्यातील कोणीही विसरणार नाही. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. शेवटच्या वेचणीनंतर झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत व कवड्यांत ही अळी दडून बसते आणि पुढील हंगामाची वाट पाहते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत कापूस संपवावा, फरदड घेऊ नये, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये आणि तिच्या गंज्याही शेताजवळ रचू नयेत, असे कृषी खाते व नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत आली आहे. तो उपदेश शंभर हिश्शांनी खरा आहे आणि ह्या लेखातून त्यास बाध येईल असे एक अक्षरही मला लिहावयाचे नाही.

परंतु उपदेश पऱ्हाटी नष्ट करण्याचा आहे. जाळणे हा त्याचा एकच मार्ग नव्हे. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या व गुरे चारली, तर हिरवी बोंडे ती खाऊन टाकतात. फक्त नुकतीच फवारणी झालेली नसावी. मग पऱ्हाटी उपटून यंत्राने तिचा बारीक चुरा करावा. चुऱ्यात अळीस दडण्यास बोंडच शिल्लक राहत नाही; आणि तो चुरा खड्ड्यात नीट कुजविला, तर आत ६० अंशांच्या आसपास उष्णता चढते, तीत उरलीसुरली अळीही मरते. म्हणजे आगीने जे साधावयाचे, ते खताच्या खड्ड्यातील उष्णतेने साधते, आणि वर खत मिळते.

ही कल्पना परकी नाही. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी रीत बसविली आणि १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे मांडली, तीत पऱ्हाटी व तुराटी ह्यांचाच उपयोग होता. त्या काळी चुरा करणारे यंत्र नव्हते, तर त्यांनी पऱ्हाटी रस्त्यावर अंथरली आणि तिच्यावरून बंड्यांची रहदारी होऊ दिली. चाकांखाली ती आपोआप चेचली गेली. हॉवर्डसाहेबांची ही रीत पुढे देशोदेशी गेली. जी विद्या आपल्याच काळ्या मातीत आणि आपल्याच पऱ्हाटीवर सिद्ध झाली, ती आपण विसरावी आणि काडीपेटी मात्र विसरू नये, हे मला लाजिरवाणे वाटते.

आता कारकुनी हिशेब मांडतो. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते असा अंदाज आहे. माझे पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. तेव्हा चार ते सहा टन माल मी दरसाल जाळीत होतो. क्विंटलभर पऱ्हाटी जाळली तर पाच-सात किलो राख हाती लागते. नत्र जवळजवळ सर्व आणि गंधकाचाही काही भाग उडून जातो. पालाश राखेत राहतो, पण ती राख वारा नेतो नाहीतर पहिला पाऊस धुऊन नेतो. इकडे आपण युरियाच्या पोत्याकरिता दुकानापुढे रांग लावतो आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब उरला नाही म्हणून माती-परीक्षणाचा कागद हाती घेऊन हळहळतो. जो कर्ब जमिनीत जावयाचा तोच नातवाच्या छातीत गेला, एवढाच ह्या व्यवहाराचा ताळेबंद.

दुसरा आक्षेप वेळेचा व पैशाचा. पंजाबातील शेतकऱ्याची अडचण आपण ऐकतो. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी ह्यांत त्यास मोजके आठवडे मिळतात, म्हणून तो काड पेटवितो आणि दूर दिल्लीपर्यंत आकाश काळवंडते. त्याची सबब काही अंशी खरी असेल. पण ती आपली होऊ शकत नाही. कोरडवाहू कापसाच्या शेतास पौषापासून मृगापर्यंत चार-पाच महिने विश्रांती असते. ओलिताखाली गहू-हरभरा घेणाऱ्यांची गोष्ट निराळी, परंतु कोरडवाहूच्या कास्तकारास घाई कसली? पऱ्हाटी लवकर उपटणे जरूर आहे. उपटलेली त्याच सायंकाळी जाळणे जरूर नाही.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. चुरा करण्याचे यंत्र ट्रॅक्टरावर चालते. ते विकत घेणे लहान कास्तकाराच्या आवाक्याबाहेरचे, आणि भाड्याने आणावे तर काडीपेटीच्या किमतीशी त्याची तुलनाच होत नाही. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नाही, मंडळाचे आहे.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, तो मीच बोलतो. पऱ्हाटी हे गरिबाचे सरपण आहे. मजुरीस येणाऱ्या बायका सायंकाळी डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन जातात, त्यावर त्यांची चूल पेटते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर पोहोचले. पण रिकामे सिलिंडर भरून आणण्यास पैसा लागतो, आणि भारा फुकट मिळतो. आपण सर्व पऱ्हाटीचा चुरा केला तर ह्या घरांचे काय, हा विचार न करता जो उपाय सांगेल तो अर्धवट. शिवाय चुलीचा धूर तर सर्वांत जवळचा. तो चार भिंतींच्या आत, बाईच्या व तिच्या कडेवरील लेकराच्या तोंडाशी निघतो. तेव्हा सरपणाचा वाटा आधी बाजूस काढावा, त्यावरील कवड्या व बोंडे झोडून तेवढीच नष्ट करावीत, भारे पुरते वाळवून मगच घरी न्यावेत, आणि चुलीवर धुराडे बसविण्यास मंडळाने व ग्रामपंचायतीने हातभार लावावा. वाळलेली काडी आणि धुराडे, ह्या दोहोंनी घरातील धूर बराच कमी होतो.

कोणी म्हणतील, कायदा करा आणि दंड बसवा. कचेरीत राहून दंडाच्या पावत्या मी पाहिल्या आहेत. ज्याच्यापाशी यंत्र नाही, मजूर नाही आणि पर्यायही नाही, त्यास दंड केल्याने धूर थांबत नाही; तो रात्री उशिरा, म्हणजे अधिकच वाईट वेळी, चोरून निघू लागतो. तसेच सगळा दोष कास्तकाराच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. गावाच्या कडेस जळणारा प्लास्टिकचा कचरा, विटांच्या भट्ट्या आणि रस्त्यावरील वाहने ह्यांचाही वाटा आहे. तो त्यांच्याकडून वसूल झाला पाहिजे. परंतु आपला वाटा आपण आधी भरला, म्हणजे दुसऱ्याचा मागण्यास तोंड राहते.

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे पुढील चार गोष्टी मंडळापुढे ठेवतो.

पहिली. मंडळाने पऱ्हाटीचा चुरा करणारे एक यंत्र सामाईक घ्यावे आणि पौष-माघात गावोगाव पाळीने फिरवावे. भाडे एकरी ठरवावे, आणि ज्यांची जमीन थोडी त्यांची पाळी आधी लावावी. मोठ्यांस थांबणे परवडते.

दुसरी. चुरा सरळ जमिनीत गाडून लगेच पेरणी करू नये. पऱ्हाटीत कर्ब फार आणि नत्र थोडे. कच्चा चुरा कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. खड्ड्यात चुऱ्याचा एक थर, त्यावर शेणकाल्याचा व गोठ्यातील मुताने भिजलेल्या मातीचा एक थर, असे भरावे. ओल इतकी असावी की मूठ दाबली असता हात ओलावेल पण पाणी गळणार नाही. दर तीन आठवड्यांनी खालीवर करावे. ट्रायकोडर्मा मिळाल्यास शेणकाल्यात घालावे. हयगय झाली नाही तर मृगापूर्वी खत वापरण्याजोगे होते.

तिसरी. ज्या पऱ्हाटीवर अळी फारच आहे आणि ती जाळल्यावाचून गत्यंतर नाही, तेथे वेळ पाळावी. ती काही दिवस वाळू द्यावी. लहान लहान ढीग करावेत. दिवसा अकरा ते तीन ह्या वेळात, वारा वस्तीकडे नसताना, भोवती जमीन साफ करून आणि पाण्याचे पिंप जवळ ठेवून जाळावी, आणि दिवस मावळण्यापूर्वी विस्तव पुरता विझवावा. सूर्यास्तापासून सकाळी दहापर्यंत कार्तिक ते माघ ह्या चार महिन्यांत शिवारात कोणी काहीही पेटविणार नाही, असा ठराव ग्रामसभेने एकमताने करावा. फाल्गुन-चैत्राच्या दुपारी मात्र आग हाताबाहेर जाते, म्हणून धुरे जाळण्याची चाल अजिबात सोडावी. धुऱ्यावरील गवत कापून गुरांस घालावे.

चौथी. हवेची नोंद व्हावी. सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. विदर्भातील नागपूर, अमरावती, अकोला व चंद्रपूर ही शहरे त्यात आली. खेडी आली नाहीत, जणू खेड्यातील माणूस श्वास घेत नाही. आर्णीसारख्या खोऱ्यातील गावी हिवाळ्यापुरते तरी मोजणीचे यंत्र बसवावे, अशी लेखी मागणी मंडळाने करावी. पर्जन्यमापकावाचून आपण पावसाचा वाद घालू शकत नाही. हवामापकावाचून धुराचा वादही असाच तोंडी राहील.

त्या रात्रीनंतर मी स्वतः पऱ्हाटी जाळणे सोडले. पहिल्या वर्षी बंडीने वाहून रस्त्यावर अंथरली, तेव्हा शेजारी हसले. दुसऱ्या वर्षी तिघे मिळून यंत्र भाड्याने आणले. खर्च आला, तो लपवीत नाही. खत झाले तेही पहिल्या खेपेस अर्धवट कुजलेले होते. तीन आठवड्यांनी उपसावयाचे ते मी आळसाने दोन महिन्यांनी उपसले. पण खताचा खड्डा चुकला तर पुढील वर्षी सुधारता येतो. नातू आता मोठा झाला आहे. तरी पौष लागला आणि कोठून धुराचा वास आला की तो झोपेत खोकतो, आणि मी उठून खिडकीशी जातो. आमचे शेत अंधारात असते. कोणत्या तरी दुसऱ्या धुऱ्यावर लाल ठिपका दिसतो. तो ज्याचा असेल त्या बंधूस दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्याने यंदा मंडळाच्या यंत्राकरिता आपले नाव नोंदवावे, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे. वही मी माझ्याकडे ठेवली आहे, आणि पहिले नाव माझेच लिहिले आहे.